कंपाउंडरची बायको

डॉक्टरीणबाईंनी धुरपदाच्या कानापुढं, गालाच्या हाडाखाली, मधल्या बोटानं हलकेच टिचकी मारली आणि धुरपदाच्या ओठाचा कोपरा वर उडाला. कुणी आतून दोरा ओढावा तसा. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. ओठ पुन्हा उडाला.

"दुखतं का?"

धुरपदानं नाही म्हणून मान हलवली, पण ती इतकी सावकाश की उत्तर यायच्या आत डॉक्टरीणबाई टेबलाशी जाऊन बसल्याही होत्या.

जयसिंग शेजारच्या स्टुलावर बसून हे पाहत होता. वरवंडच्या डॉक्टरांकडं त्यानं सत्तावीस वर्षं कंपाउंडरकी केली होती. हजारो माणसं त्याच्या नजरेखालून गेली, पण गालावर टिचकी मारून रोग शोधताना त्यानं कुणाला पाहिलं नव्हतं. ही खूण ध्यानात ठेवली पाहिजे, गावात कधीतरी कामाला येईल, असं त्याच्या मनात आलं. पुढं कितीतरी दिवस त्याला या विचाराची लाज वाटत राहिली.

आदल्या दिवशी सकाळी धुरपदा ओट्यावर झेंडूची फुलं निवडता निवडता पाटीवरच आडवी झाली होती. हातपाय ताठ, तोंडाला फेस. असे झटके तिला तीन-चार वर्षं येत होते. दर वेळी जयसिंग कुणी नाकाला लावायला आणलेली चप्पल बाजूला सारून तिला कुशीवर करायचा आणि शुद्धीवर आली की दंडात ताकदीचं इंजेक्शन द्यायचा. या वेळी मात्र मुलगी, हर्षदा, आडवी आली. "आबा, सुई ठेवा खाली. आईला दौंडला न्यायचं," असं म्हणून तिनं मामेभावाला गाडी घेऊन बोलावलं. म्हणून ही तिघं आज वडगाव रासाईहून नदी ओलांडून इथं आली होती. हर्षदा खाली मेडिकलमध्ये सलाइन आणायला गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा जयसिंगकडं वळवला. अक्रोडाच्या गरासारखा करडा मेंदू दिसत होता आणि मधोमध, दोन्ही अंगांना, पांढरेशुभ्र डाग होते. सारवलेल्या भिंतीवर कुणी चुन्याची बोटं ओढावीत तसे.

"हे कॅल्शियम आहे. साध्या भाषेत, चुना."

जयसिंग ताठ झाला. "तरी मी म्हणत व्हतो! मॅडम, ही चुना खायची. पानाला लावून खायची, नुसता बोटानं बी चाटायची. शेवटाला मी डबीच काढून घेतली हिच्याकडनं."

"कधी?"

"झाली की दोन वर्षं."

"आणि त्रास जास्त कधीपासून झाला?"

जयसिंगनं मनात हिशोब केला. चुन्याची डबी त्यानं दिवाळीच्या आधी काढून घेतली होती. संक्रांतीला धुरपदा चालताना पाय ओढू लागली होती.

"चुना खाऊन मेंदूत चुना साचत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता. "उलट यांच्या रक्तात कॅल्शियम फार कमी आहे. आज सकाळी पाच पॉइंट सहा आलंय, साडेआठच्या वर हवं. शरीर मागत होतं, म्हणून त्या खात होत्या. तो काही उपाय नव्हे, पण कदाचित त्या चुन्यानंच यांना इतके दिवस उभं ठेवलं."

"रक्तात कमी आन् डोक्यात जास्त? असं कसं हुईल?"

"गळ्यात डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्या कॅल्शियमवर नजर ठेवतात. त्या निकामी झाल्या की रक्तातलं कॅल्शियम उतरतं, फॉस्फरस चढतो आणि मग ते नको तिथं जाऊन बसतं. हात आखडतात, झटके येतात, माणूस मंद होतं." त्यांनी पेन उचललं. "अशा डागांची कारणं पुष्कळ असतात. उतारवयात थोडे कुणालाही दिसतात, त्यांचा त्रास नसतो. कुणाला लहानपणी मेंदूज्वर झालेला असतो. न धुतलेल्या भाजीतून जंताची अंडी जातात, पण ते डाग मोहरीसारखे विखुरलेले दिसतात, असे नाही. काही घराण्यांत हे रक्तातूनच येतं. आणि मी सर्वांत जास्त पाहते ते गळ्याच्या गाठीच्या ऑपरेशननंतर. ऑपरेशनमध्ये त्या ग्रंथी दुखावतात. आयुष्यभर गोळ्या घ्या म्हणून सांगितलेलं असतं. मग गावातला कुणीतरी अर्धवट शहाणा भेटतो आणि म्हणतो, कशाला खाताय, बंद करा. यांचं असं काही ऑपरेशन झालंय का?"

"न्हाई," जयसिंग म्हणाला.

शब्द तोंडातून गेला तेव्हा त्याला स्वतःलाच तो ऐकू आला. धुरपदानं सावकाश, अगदी सावकाश त्याच्याकडं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर हल्ली काही उमटतच नसे, आताही उमटलं नाही. पण तिचा आखडलेला हात मांडीवरून उठला, गळ्याशी गेला आणि तिथला पदर तिनं आणखी घट्ट ओढून घेतला.

त्या पदराखाली अकरा वर्षांपूर्वीचा व्रण होता. पुण्याला ऑपरेशन झालं तेव्हा गाठ लिंबाएवढी होती. व्रण आता गळ्याच्या वळीत मुरून गेला होता. पण सुरुवातीला तो लालभडक दिसायचा आणि जयसिंगनंच तिला सांगितलं होतं, "झाकून घेत जा, बायका इचारत बसत्यात."

"मग घराण्यात कुणाला?" डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता विचारलं. "यांच्या आईला, भावंडांना?"

"हिची आई शेवटाला अशीच बसून असायची." हे खोटं नव्हतं. म्हातारी नव्वदीची होती, एवढंच त्यानं सांगितलं नाही.

"मुलं किती?"

"एक मुलगी."

"तिचं रक्त तपासून घेऊ. लागलं तर स्कॅनही करू. पुण्याहून एक रिपोर्ट यायचाय, सोमवारी या. आज सलाइनमधून कॅल्शियम देते, दोन तास लागतील."

हर्षदा सलाइनची पिशवी घेऊन वर येत होती. जयसिंगनं तिला जिन्यातच गाठलं आणि आईचं दुखणं रक्तातून आलेलं असू शकतं, तुझीही तपासणी सांगितली आहे, असं एका दमात सांगून टाकलं.

हर्षदा पायरीवर थांबली. "आईच्या गळ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं ना त्यांना?"

"सांगितलं की."

दोन तास तो धुरपदाच्या खाटेशी बसला. थेंब थेंब औषध उतरत होतं. तासाभरानं त्याचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. कितीतरी वर्षं तिची बोटं चोचीसारखी जुळून असायची. भाकरी थापताना ती डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं सोडवायची आणि तो ओरडायचा, "नाटकं पुरे कर." आता ती बोटं एकेक करून सुटत होती. तळवा उघडा पडला. जयसिंग उठून खिडकीशी गेला.

मेंढरं वळणाऱ्यांच्या घरातला तो पहिला पांढऱ्या कोटाचा माणूस. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, तरी गावाच्या लेखी तो 'कंपाउंडर'च राहिला. कुणाला ताप आला की त्याच्या दारात. चिठ्ठीवरची गोळी कोणती, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, सारं त्यालाच विचारायचं. ऑपरेशननंतर दोन-अडीच वर्षांनी धुरपदाला मुतखडा झाला, तेव्हा त्यानं कुणाला विचारलं नाही. कॅल्शियमचे खडे होतात हे त्याला ठाऊक होतं. बस्स, गोळ्या बंद. "मी सांगतो ना," एवढंच तो म्हणाला होता. पुढं हाताला मुंग्या आल्या, तो म्हणाला वात आहे. झटके आले, तो म्हणाला अशक्तपणा. पारगावला एका लग्नात ती अक्षतांचं ताट घेऊन मांडवात कोसळली, तेव्हापासून त्यानं तिला कुठं नेणंच सोडलं. हर्षदाच्या साखरपुड्यातसुद्धा धुरपदा आतल्या खोलीत बसून होती.

हर्षदा काही लपवणाऱ्यातली नव्हती. हॉस्पिटलच्या आवारातूनच तिनं हृतिकला फोन केला. हृतिक शिक्रापूरचा, तिथल्याच एका कंपनीत सुपरवायझर. तीन महिन्यांपूर्वी साखरपुडा झालेला. आईचं दुखणं वंशातलं असेल, मलाही असू शकतं, तुला आधीच सांगते, असं ती बोलली, ते जयसिंगला खिडकीतून ऐकू आलं. तिचा आवाज कापत नव्हता. तो कापत असता तर बरं, असं त्याला वाटलं.

रविवारी दुपारी हृतिकचे आईवडील आले. सोपानराव जुन्या वळणाचे, मोजकं बोलणारे. ताईबाई मात्र तोंडानं सडेतोड. ओट्यावर सतरंजी टाकली. चहा झाला, उसाचं झालं, शिक्रापूरच्या चौकातल्या ट्रकांच्या रांगांचंही झालं. मग सोपानरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"जयसिंगराव, राग मानू नका. पोरगं म्हणतं, काय बी असू दे, मी लगीन करणार. पण आम्ही आईबाप हाय. तुम्ही डाक्टरकीतलं जाणता. ह्ये खरंच घराण्यातलं हाय का?"

"तपासण्या चालू हायत," जयसिंग म्हणाला. "आता म्हंजी, ह्यात बरीच कारणं असत्यात. मेंदूज्वर असतो, जंत असत्यात..."

तो बोलत राहिला. डॉक्टरीणबाईंचेच शब्द तो त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगत होता. ताईबाई त्याच्या तोंडाकडं बघत होत्या आणि हर्षदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

तेवढ्यात आतून धुरपदा आली. भिंतीचा आधार घेत, पण एकटी. कालच्या सलाइननं तिच्या अंगात थोडी धुगधुगी आली होती. उंबऱ्यात येऊन ती खाली बसली आणि तिनं गळ्यावरचा पदर बाजूला केला.

"ह्ये बघा," ती म्हणाली. शब्द जड होते, पण सुटे होते. "अकरा सालामागं माज्या गळ्याचं आपरेशन झालंय. गोळ्या दिल्या व्हत्या, जलमभर खायच्या. मी खाल्ल्या न्हाईत. कट्टाळा केला. त्याचं ह्ये हाय. पोरीचा काय संबंध न्हाई."

सोपानरावांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला स्पष्ट दिसला.

"असं हाय व्हय!" ताईबाईंनी सुस्कारा सोडला, आणि सुस्काऱ्यापाठोपाठ त्यांना रागही आला. "अवो विहीणबाई, पण असं कुणी करतं का? घरात एवढं जाणतं माणूस असून? गोळी गिळायचा कट्टाळा! तुमच्या कट्टाळ्यानं आज माज्या पोराच्या डोळ्याला डोळा न्हाई."

"चुकलं माजं," धुरपदा म्हणाली.

"आई, मी शाळेसाठी शिरूरला होते तेव्हा दर फोनला विचारायचे ना तुला, गोळ्या घेतेस का?" हर्षदाचा आवाज फुटला. "घेते म्हणायचीस. खोटं बोलायचीस माझ्याशी?"

धुरपदानं मान खाली घातली. जयसिंगच्या हातात चहाची रिकामी कपबशी होती. ती खाली ठेवायची आणि बोलायचं, एवढंच करायचं होतं. त्यानं कपबशी खाली ठेवली. मग दुसरी उचलली, तिसरी उचलली आणि सगळ्या एकात एक घालून तो आत मोरीकडं गेला. बाहेर सोपानराव म्हणत होते, "जाऊ द्या, झालं त्ये झालं, आता घ्या म्हंजी झालं." कपबशा आधीच विसळून झाल्या होत्या, तरी तो त्या विसळत राहिला.

सोमवारी दौंडला पुण्याचा रिपोर्ट आला होता. चारही ग्रंथी निकामी. डॉक्टरीणबाईंनी धुरपदाला बोटं उघडमीट करायला सांगितली, आणि ती करू शकली तशी त्या खूश झाल्या.

"मॅडम," हर्षदा म्हणाली, "आईनं ऑपरेशननंतरच्या गोळ्या मधेच सोडल्या होत्या, हे आम्हाला कालच कळलं. म्हणून सांगते."

"ऑपरेशन? कसलं?"

"गळ्याचं. आबांनी सांगितलं होतं ना शनिवारी?"

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर उलटा केला. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी ती ओळ वाचून दाखवली नाही, नुसतं वर पाहिलं. मग उठून त्यांनी धुरपदाच्या गळ्यावरचा पदर सारला आणि अंगठ्यानं ती फिकट रेघ चाचपली.

"मीच..." धुरपदा घाईनं बोलू लागली आणि घाईनंच अडखळली. "त्यान्ला ध्यान न्हवतं... त्ये गडबडीत..."

"मी बंद केल्या," जयसिंग म्हणाला.

तिघी त्याच्याकडं बघू लागल्या. तो टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडं बघत होता.

"हिनं न्हाई. मी बंद केल्या. मुतखडा झाला व्हता, मला वाटलं गोळ्यांनीच झाला. कुणाला इचारलं न्हाई. आन् परवा न्हाई बी मीच म्हणालो. काल पाव्हण्यांम्होरं हिनं अंगावर घेतलं, तवा बी मी गप बसलो."

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. "कधी बंद केल्या?"

साल, महिना, आठवडासुद्धा त्यानं सांगितला. त्यांनी आधीची ओळ खोडली आणि तिच्यावर नवीन लिहिलं. आता त्या बोलतील म्हणून जयसिंगनं मान खाली घातली. तो वाट बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर खाल्ल्या असत्या, माणूस हलकं तरी झालं असतं. पण त्या धुरपदाला गोळ्या समजावून सांगू लागल्या, सकाळच्या कोणत्या, रात्रीच्या कोणत्या, दर महिन्याला रक्त तपासायचं.

"डाग जायचे नाहीत," शेवटी त्या म्हणाल्या. "झटके थांबतील, हात सुटतील, चालही बरीच सुधारेल. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगत नाही. मुलीच्या तपासणीची आता गरज नाही."

गाडीत हर्षदा मागं आईजवळ बसली. नदीचा पूल आला, गेला, उसाचे फड आले. ती बाहेर बघत होती. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही जयसिंगला 'आबा' अशी हाक ऐकू आली नाही. जेवायचं ताट यायचं, पाण्याचा तांब्या यायचा. हाक तेवढी यायची नाही.

बुधवारी सकाळी धुरपदा ओट्यावर झेंडू निवडत होती. हात अजून सावकाश चालत होता, पण कुजकं फूल बाजूला पडत होतं. जयसिंग येऊन पायरीवर बसला.

"गोळ्या बंद केल्या तवा," तो म्हणाला, "तुला काय वाटलं न्हाई?"

"वाटलं की." तिनं एक फूल निवडलं, दुसरं निवडलं. "डबीत उरल्या व्हत्या, त्या चोरून खाल्ल्या मी. सतरा दिस पुरल्या. खाल्ली की बरं वाटायचं, संपल्या की मुंग्या यायच्या."

"आन् मला बोलली न्हाईस?"

"काय बोलू? तवा दारात रोज चार माणसं यायची तुम्हाला इचारायला. भामाबाई यायची, सारजाबाई यायची. घरचीच बाई म्हणली असती, ह्येंचं चुकतंय, तर कोण आलं असतं?" ती दम घ्यायला थांबली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, जे होतं ते ती सांगत होती. "आन् तुम्हाला त्ये लई आवडायचं."

जयसिंगनं पायरीवरची माती नखानं उकरली. झेंडूचा उग्र वास येत होता. मग तो उठला, आत जाऊन त्यानं धुतलेला सदरा घातला.

"कुठं निघाला?"

"शिक्रापूरला."

"कशापायी? झालं की सगळं. पोरीचं ठरलेलं मोडलं न्हाई."

"तुला बोलल्या त्या," तो म्हणाला. "माज्या वाटणीचं तुला बोलल्या."

दारात हर्षदा उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती बाजूला झाली आणि त्याला वाट दिली, पण या वेळी ती दुसरीकडं बघत नव्हती.

एसटीनं न्हावऱ्याला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं तो शिक्रापूरला पोचला, तेव्हा ऊन चढलं होतं. सोपानरावांचं घर हमरस्त्यापासून आत होतं. पुढं कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या, मागं घर. सोपानराव तहसीलला गेले होते. ताईबाई अंगणात गवार मोडत बसल्या होत्या. व्याह्याला असं अचानक, एकटं आलेलं बघून त्या दचकल्याच.

"काय झालं? विहीणबाई बऱ्या हायत ना?"

"बऱ्या हायत." जयसिंग बसला नाही. पायातली चप्पलही त्यानं काढली नाही. "त्या दिवशी तुम्ही आमच्या मंडळींना बोलला. त्ये मला बोलायला पायजे व्हतं. गोळ्या तिनं सोडल्या न्हाईत. मी सोडवल्या. ती खोटं बोलली आन् मी कपबश्या उचलत बसलो."

ताईबाईंच्या हातातली गवार तशीच राहिली. रस्त्यावरून एक कंटेनर गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या.

"तुम्ही? तुम्ही तर जाणतं माणूस."

"त्येच म्हणायला आलो."

ताईबाई म्हणाल्या, "ह्ये सांगायला एवढ्या उन्हाचं आला?" आणि थोड्या वेळानं, "म्हंजी आता मलाच यावं लागंल वडगावला. मी बी त्या बाईला नाय नाय त्ये बोलले." त्यांनी गवारीची सुपली बाजूला ठेवली. "बसा. चप्पल काढा आदी."

जयसिंग ओसरीवर टेकला. ताईबाई पाणी घेऊन आल्या, आणि तांब्याबरोबर त्यांच्या हातात गोळ्यांची एक पट्टी होती. अर्धी रिकामी, कडा मळलेल्या.

"आता आलाच हाय तर इचारते," त्या आवाज उतरवून म्हणाल्या. "मालकांना म्हाईत न्हाई. ह्या रक्तदाबाच्या. चार म्हैनं झालं, मी घेतल्या न्हाईत. शेजारची म्हणली लसूण खा, गोळीची सवय लागती. पर ह्ये विहीणबाईंचं ऐकल्यापासून मला झोप न्हाई. चालू करू का परत? का दुसरी घेऊ? तुम्ही सांगा."

जयसिंगनं पट्टी हातात घेतली. गोळी ओळखीची होती. या गोळीच्या हजारो पट्ट्या त्यानं कागदाच्या पुडीत बांधून दिल्या होत्या. ताकद किती, सकाळी की रात्री, चार महिन्यांच्या खंडानंतर काय, सगळं उत्तर जिभेवर तयार होतं. त्यानं पट्टी एकदा उलटी केली, पुन्हा सुलटी केली, आणि ताईबाईंच्या पुढं धरली.

"मला न्हाई सांगता यायचं."

"असं कसं? समदी म्हणत्यात, तुम्हाला सगळ्यातलं कळतं."

"म्हणत्यात," जयसिंग म्हणाला. "ज्यांनी लिहून दिल्या त्यान्ला इचारा. आन् आजच इचारा."

ताईबाईंनी पट्टी कनवटीला खोचली. चहा झाल्यावर दोघं बरोबरच बाहेर पडली, तो एसटीसाठी, त्या दवाखान्यासाठी. हमरस्त्याशी ट्रकांची रांग लागली होती. रस्ता ओलांडून त्या पलीकडं गेल्या. वडगावची गाडी पकडायला त्याला डावीकडं जायचं होतं, पण ताईबाई दवाखान्याच्या पायऱ्या चढून आत जाईपर्यंत जयसिंग रस्त्याच्या अलीकडं, उन्हात, तसाच उभा राहिला.